इंजिन उतरवायच्या आधी ब्रेक बघा



कांदा चाळीत गेला की आपलं लक्ष शेडमधल्या जुन्या गाडीकडं जातं. या आठवड्यात तिघांचे फोन आले. प्रश्न एकच, “दादा, तुम्ही पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवलं होतं ना? आम्हालाही बसवायचंय. काय काय लागेल?” तिघांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. जी गाडी रस्त्यावर चालवायची आहे, तिच्यात घरच्या घरी दुसरंच इंजिन बसवू नका. जुनं आहे तेच बांधून घ्या. आणि बदलायचंच असेल तर आधी कागद, मग ब्रेक, सगळ्यात शेवटी इंजिन. आपण बरोबर उलटं करतो. मीही तेच केलं होतं.

वडिलांची पेट्रोल विलीज. तेल खायची, पेट्रोल प्यायची. भंगारात चार सिलिंडरचं डिझेल इंजिन ४२ हजारांत मिळालं. आंब्याच्या फांदीला चेन पुली बांधून धाकट्या भावानं आणि मी एका दिवसात जुनं इंजिन बाहेर काढलं. वाटलं, निम्मं काम झालं. खरं काम तिथून पुढं होतं.

नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला थेट बसत नाही. मधे प्लेट करावी लागते. लेथवाल्यानं ती अंदाजानं केली. क्रँकचा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला नाही, तर क्लच प्लेटचे दाते झिजतात आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग बोलायला लागतं. आमचं पाच महिन्यांत बोललं. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटी-तिपटीचं, म्हणून धक्का जास्त. माउंटिंगचे रबर दोनदा गेले. वजन वाढल्यानं पुढचे पाटे बसले. स्टार्टरला मोठी बॅटरी लागली, जादा डिझेल टाकीत परत न्यायला वेगळा पाइप लागला. चावी फिरवून इंजिन बंद होईना, म्हणून ओढायची केबल टाकली. ४२ हजारांचं काम लाखाच्या पुढं गेलं.

पैशाचं दुखणं विसरता येतं. माळशेज विसरता येत नाही.

मागं कोथिंबीर भरून पहाटे ओतूरहून कल्याणला निघालो होतो. घाट उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, तरी गाडी पूर्वीसारखी आवरेना. कारण नंतर कळलं. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते, इंजिन ओढ धरतं आणि गाडी आपोआप दबते. साध्या डिझेलमध्ये हवेची वाट उघडीच राहते, म्हणून ती ओढ कमी पडते. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक वडिलांच्या काळचे, ९ इंची ड्रमचे. गाडी जड झाली, ताकद वाढली, ब्रेक तेवढेच राहिले. चौथ्या-पाचव्या वळणाला लायनर जळाल्याचा वास आला. पायाखाली पेडल कडक, पण गाडी थांबेना. भावानं पहिला गिअर कसाबसा टाकला आणि गाडी डोंगराकडच्या गटारीत घातली. कोथिंबीर रस्त्यावर सांडली, आम्ही वाचलो. याच जीपमध्ये आदल्या दिवशी खुरपणीच्या नऊ बायका बसून आल्या होत्या. ते आठवलं आणि हातपाय गार पडले.

आता कागदाचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नीट वाचा. आरसीवर लिहिलेला तपशील मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सीएनजीसारख्या मान्य किटला वेगळी वाट आहे. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम असंच लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला एका बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आमची जीप पुढच्या पाच वर्षांच्या नोंदणीला नेली. साहेबांनी बॉनेट उघडून इंजिन नंबर बघितला आणि आरसी परत दिली. त्यांचं काही चुकलं नाही. उद्या अपघात झाला असता, तर विम्यावाल्यांनीही पहिला तोच नंबर बघितला असता.

काही जण म्हणतील, “गावात दहा गाड्या अशाच चालतात, काय होतंय?” चालतात, खरंय. घाट येईपर्यंत चालतात.

मग करायचं काय? तेच इंजिन उघडा. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाका, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंग बसवा. ब्लॉकच तडकला असेल तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन शोधा. पण आधी आरटीओत अर्ज द्या, मंजुरी घ्या आणि बसवल्यावर नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. जुन्या जीपमध्ये एकाच मास्टर सिलिंडरवर चारही चाकं असतात. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. तेव्हा पाइप, होज, लायनर यांना पहिला खर्च.

आमच्या जीपमध्ये वडिलांचंच इंजिन परत बसलंय, बांधून घेतलेलं. अॅव्हरेज कमी देतं, पण उतारावर आवरतं. डिझेलवालं रेडिएटरसकट विहिरीवर पंपाला जोडलंय. तिथं त्याला ना घाट, ना माणसं.

कुणी शेडमध्ये चेन पुली बांधून बसलं असेल, तर आज फक्त एक करा. चारही ड्रम उघडून बघा. काय दिसलं ते खाली लिहा.