चबुतऱ्यावर एकच शब्द होता

दोस्तांनो, पुतळ्यावरून भांडण पेटलं की आपल्यातलाच एखादा शहाणा उठतो आणि म्हणतो, "दगडाधातूचं काय घेऊन बसलात? इतिहास पुसू नका." हे त्याचं स्वतःचं वाक्य नाही, पेपरातल्या अग्रलेखवाल्यांचं उष्टं आहे. त्याला म्हणावं, बस खाली. इतिहासच काढतो आता.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिथं जनरल रॉबर्ट ली याचा घोड्यावरचा पुतळा होता, चबुतऱ्यासकट ६० फूट. ली म्हणजे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला उठलेल्या दक्षिणेचा सेनापती. आणि तोही हरलेला! ९ एप्रिल १८६५ ला त्यानं ॲपोमॅटॉक्सला शस्त्रं खाली ठेवली, १८७० ला मेला. पुतळा उभा राहिला २९ मे १८९० ला. युद्ध संपून २५ वर्षं झाल्यावर. मेल्याचं दुःख असं २५ वर्षांनी उफाळून येतं होय?

मधल्या काळात काय झालं ते बघा. गुलाम सुटले. १८७० ला काळ्या पुरुषांना घटनेनं मताचा हक्क मिळाला. ते निवडून येऊ लागले. मग १८७७ ला केंद्रानं दक्षिणेतलं सैन्य मागं घेतलं आणि जुने मालक पुन्हा गादीवर चढले. १९०२ ला व्हर्जिनियानं नवी राज्यघटना करून बहुतेक काळ्यांचं मत काढून घेतलं. पुतळा या दोन टोकांच्या मधे बसतो. सुटलेल्या माणसाला दम द्यायला तो उभा केला. लाखावर माणूस त्या दिवशी जमलं होतं.

आता म्हणं ली सभ्य गृहस्थ होता, देवाला भिणारा होता. ठीक. वेस्ली नॉरिस नावाचा गुलाम त्याच्या ताब्यात होता. १८५९ ला तो बहिणीला घेऊन पळाला, पकडला गेला. १८६६ ला त्यानं छापून सांगितलं की लीनं आपल्याला ५० फटके मारायला लावले, वर उघड्या पाठीवर मिठाचं पाणी ओतायला लावलं. रिचमंडच्या चबुतऱ्यावर काय कोरलं होतं? एकच शब्द. ली. नॉरिस नाही, फटके नाहीत, मीठ नाही. इतिहास पुसला तो त्या चबुतऱ्यानंच, आणि ओरड कुणाच्या नावानं चाललीय!

जोतीबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं ते गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांनी तिकडच्या काळ्या माणसाचं दुःख आपलं मानलं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीबा गेले. त्याच्या सहा महिने आधी त्याच अमेरिकेत गुलामांच्या मालकाला घोड्यावर चढवला गेला होता. म्हणून हा पुतळा आपल्याला परका नाही.

तिकडचे काळे तेव्हाही गप्प बसले नव्हते. जॉन मिचेल हा गुलामीत जन्मलेला माणूस 'रिचमंड प्लॅनेट' हे पत्र चालवायचा आणि नगर परिषदेत निवडूनही आला होता. त्यानं खर्चाला विरोध केला आणि लिहिलं की हे उभारायला काळ्याचेच हात लागलेत, वेळ आली तर उतरवायलाही तोच असेल. १३० वर्षं लागली. मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून जीव घेतला, आणि रिचमंडची पोरं त्या चबुतऱ्यावर चढली. एका शब्दाच्या दगडावर हात पुरेल तिथवर लिहून काढलं. शिव्या, मेलेल्यांची नावं, सगळं. मला विचाराल तर त्या चबुतऱ्यावरचं पहिलं खरं लिखाण तेच. कोर्टकज्जे संपून ८ सप्टेंबर २०२१ ला पुतळा उतरला. उतरवणारा कंत्राटदार काळाच. धमक्या आल्या, त्यानं गोळी अडवणारं जाकीट घालून काम केलं. उतरवल्यावर जनरलला कमरेपासून कापून गाडीवर घातला. पुढं तो काळ्यांच्या इतिहासाच्या संग्रहालयाच्या ताब्यात दिला. आता सांगा, पुसलं काय?

आणि आपल्याकडं? जयपूरच्या हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा आहे. कुणी म्हणेल तो पुराणकाळचा असेल. १९८९ चा आहे! घटना लागू होऊन ३९ वर्षं झाल्यावरचा. त्याच वर्षी न्यायाधीशांनीच तो हलवायचा ठराव केला, तर त्याला स्थगिती आली. २०१८ ला औरंगाबादच्या दोन बाया तिथवर गेल्या आणि त्याला काळं फासलं. अटक त्यांना झाली.

तेव्हा 'कुणाचा पुतळा' एवढ्यावर भांडू नका. आपल्या तालुक्यात जेवढे सरदार, सेनापती घोड्यावर बसलेत त्यांच्याजवळ वही घेऊन जा. कोणत्या साली बसवला, ठराव कुणी मांडला, पैसा कुणाच्या खिशातला, आणि त्या साली आपल्या वस्तीत काय चाललं होतं, लिहून आणा. शुद्धलेखन आम्ही बघू. पुढच्या अंकात छापू.