मीटर थांबले, बिल थांबत नाही

मागच्या बैठकीत एक माउली पदराखालून विजेच्या बिलांची चळत घेऊन पुढे आली. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ती घरधन्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. परत आली तेव्हा पाडवा तोंडावर आला होता. मीटरचा आकडा जिथे होता तिथेच होता. बिले मात्र दर महिन्याला येत राहिली होती, मागची थकबाकी जोडून. तिने विचारले, "भाऊ, सहा महिने दिवा लावलाच नाही, मग हे पैसे कशाचे?"

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, चार बुके वाचली. पण तिला पटेल असे उत्तर आम्हाला देता आले नाही. "हा स्थिर आकार आहे, वीज वापरा न वापरा, द्यावाच लागतो," एवढेच सांगितले. ती म्हणाली, "आम्ही एका जागी स्थिर नाही, अन् आकार तेवढा स्थिर!" सभा हसली. आम्हाला हसू आले नाही.

पंपाच्या बिलावर आपण पुष्कळ बोलतो. 2024 पासून राज्य सरकारने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ केले. पण ज्याच्या शेतात विहीरच नाही, त्या कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याला त्यातले काय मिळाले? त्याच्या नावावर विजेचे बिल एकच, घरातल्या दोन दिव्यांचे आणि एका पंख्याचे. त्याचा हिशेब आज मांडू.

हिशेब

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ठरवलेले 2024-25 सालचे दर घेऊ. सिंगल फेज घरगुती जोडणीला महिना 128 रुपये स्थिर आकार होता. आदल्या वर्षी तोच 116 होता. पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4 रुपये 71 पैसे आणि वहन आकार 1 रुपया 17 पैसे, म्हणजे युनिटला 5 रुपये 88 पैसे.

महिन्याला 20 युनिटे जाळणारे घर घ्या. विजेचे झाले 117 रुपये 60 पैसे. स्थिर आकार 128. म्हणजे विजेपेक्षा विजेच्या तारेचेच जास्त! बेरीज 245 रुपये 60 पैसे. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. एकूण 285 रुपयांच्या घरात. युनिट पडले सव्वाचौदा रुपयांना.

आता त्याच दरपत्रकात महिन्याला 300 युनिटे जाळणारे घर घ्या. पहिल्या शंभरानंतरच्या युनिटांना वहन आकारासह 11 रुपये 46 पैसे. विजेचे झाले 2,880 रुपये. स्थिर आकार तोच, 128. शुल्क सोडून पाहिले तर या घराच्या शंभर रुपयांत स्थिर आकाराचे चार रुपये आहेत, आणि 20 युनिटवाल्या घराच्या शंभर रुपयांत बावन्न. शुल्क धरून या घराला युनिट पडते 11 रुपये 63 पैशांना. म्हणजे दरपत्रकावर गरिबाची वीज स्वस्त लिहिलेली असते, आणि बिलावर ती श्रीमंताच्या विजेपेक्षा महाग झालेली असते.

कुलूपबंद घराचे सहा महिन्यांचे झाले 768 रुपये, एकही युनिट न जाळता. आकडा दर वर्षी बदलतो, पद्धत बदलत नाही.

वर्षाला 360 युनिटांच्या आत वापर असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांना वेगळा, कमी दराचा वर्ग आहे, हे खरे. पण मंजूर भार थोडा जास्त लिहिला गेला, किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतून नाव सुटले, की ते घर थेट वरच्या वर्गात बसते.

त्यांचा खर्च आणि आपला खर्च

वीज कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. खांब, तारा, डीपी, वायरमनचा पगार हे खर्च कुणी दिवा लावो न लावो, होतातच. शिवाय वीज विकत घेताना वीजनिर्मिती कंपन्यांना क्षमतेचा आकार द्यावा लागतो. 1993 च्या दाभोळ करारात हेच होते. वीज उचला न उचला, प्रकल्प तयार आहे म्हणून पैसे द्या. त्या कराराने वीज मंडळाला कसे घायकुतीला आणले ते महाराष्ट्राने 2001 सालापर्यंत पाहिले. तेव्हा खर्च खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही.

पण मग आमच्या स्थिर खर्चाचे काय? बैल चार महिने राबतो, कडबा बारा महिने खातो. पाऊस पडो न पडो, जमीन नांगरून, वखरून तयार ठेवावी लागते. व्यापारी मात्र काट्यावर जेवढा कापूस चढेल तेवढ्याचेच पैसे मोजतो. बोंडअळीने परहाटी खाल्ली आणि काटा रिकामा राहिला, तर "तुमचे शेत तयार होते, हा घ्या त्याचा स्थिर आकार" असे म्हणणारा व्यापारी आम्ही तरी पाहिला नाही.

सरकारही म्हणत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाची तीन मापे वापरतो. प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ए-2. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की दुसरे माप. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज मिळवले की सी-2. फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, ती दुसऱ्या मापावर. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज हाच शेतकऱ्याचा स्थिर आकार, आणि नेमका तोच हिशेबाच्या पायातून वगळला. तारेचे भाडे धरायचे आणि जमिनीचे धरायचे नाही, हा कुठला न्याय?

तार मेली तर?

स्थिर आकार हा वीज तयार ठेवल्याचा मोबदला आहे, असे सांगतात. ठीक. 128 रुपये महिना म्हणजे दिवसाला सुमारे 4 रुपये 20 पैसे. डीपी जळाली आणि गाव दहा दिवस अंधारात राहिले, तर त्या दहा दिवसांत काय तयार ठेवले होते? बेचाळीस रुपये बिलातून वजा झालेले आपल्यापैकी कुणी पाहिले आहेत? आठवडाभर न आलेल्या सालगड्याला आपण त्या आठवड्याचे पैसे देत नाही.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. ब्रिटनमध्ये हा आकार दिवसावर लावतात. तिथे 2021 पासून अनेक खाजगी वीजविक्रेत्या कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याचा खर्च आला, तो बऱ्याच अंशी या रोजच्या आकारात घातला गेला. एप्रिल 2022 मध्ये विजेचा हा आकार दिवसाला सुमारे 25 पेन्सवरून 45 पेन्सवर गेला. बुडाले व्यापारी, भरले दिवे विझवून बसणाऱ्या म्हाताऱ्यांनीही. तिथे आधी पैसे भरून वीज घ्यायची मीटर आहेत. मीटर रिकामे पडले तरी रोजचा आकार साचत राहतो, आणि पुन्हा पैसे भरले की आधी ती बाकी वळती होते. आपल्याकडे प्रीपेड मीटरची भाषा होते, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

आमची मागणी

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. 2003 च्या वीज कायद्याच्या 45 व्या कलमानुसार दरात स्थिर आकाराचा समावेश करता येतो. करता येतो, केलाच पाहिजे असे नाही. किती आणि कुणाला लावायचा हे नियामक आयोग ठरवतो. म्हणून मागणी आयोगाकडेच करायची. ती तीन कलमी आहे.

एक, महिन्याला 30 युनिटांच्या आत वापर असलेल्या प्रत्येक घराला स्थिर आकार नको, मग यादीत नाव असो वा नसो.

दोन, ग्रामपंचायतीचा स्थलांतराचा दाखला असलेल्या कुटुंबाला कुलूपबंद महिन्यांचा स्थिर आकार नको.

तीन, बिघाडामुळे वीज बंद राहिली, तेवढ्या दिवसांचा आकार अर्ज न मागता बिलातून वजा व्हावा. कामगिरीची मानके पाळली नाहीत तर भरपाई द्यावी, असे याच कायद्याचे 57 वे कलम सांगते. काही बाबतींत ती आपोआप द्यावी, असे केंद्राचे 2020 चे ग्राहक हक्क नियम सांगतात. आपण नवे काही मागत नाही.

हा पैसा कुठून येणार, असे विचारतील. जास्त युनिटांच्या दरातून येईल. आपल्यातल्याही ज्यांच्या घरी फ्रीज, कुट्टीयंत्र आहे, त्यांचे बिल थोडे वाढेल. हे आम्ही लपवत नाही. पण वाढलेले युनिट वापरायचे की वाचवायचे हे त्यांच्या हातात राहते. स्थिर आकारापुढे माणसाच्या हातात काहीच राहत नाही.

दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे आयोगाला 64 व्या कलमाने बंधनकारक आहे. सुनावणीला कारखानदारांचे वकील जाडजूड कागद घेऊन जातात. कोरडवाहू शेतकऱ्याची जागा रिकामी असते. रिकाम्या जागेवर कुणाचा भार टाकायचा, हे कुणाला शिकवावे लागत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपले वर्षभराचे बिल आणावे. त्यातला स्थिर आकार वेगळा काढू, वीज बंद राहिलेले दिवस त्यापुढे लिहू आणि गावागणिक हरकतीचा अर्ज तयार करू. त्या माउलीची बिले आम्ही ठेवून घेतली आहेत. पहिला अर्ज तिच्या नावाचा जाईल.