इंदुरीचा कोट आणि कतारचे धोरण

आखातातील कतार हे राष्ट्र क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे. १९७१ साली स्वतंत्र झालेले हे चिमुकले राज्य बड्या शेजाऱ्याच्या तंत्राने न चालता स्वतःचे परराष्ट्रधोरण आखू लागले, ह्याचे पुष्कळांस कौतुक वाटते. परंतु असे धोरण कशाच्या बळावर टिकते आणि कशामुळे कोसळते, ह्याचा विचार आधी झाला पाहिजे. आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी सेनापती खंडेराव दाभाडे यांनी बांधलेला इंदुरीचा कोट आजही उभा आहे.

खंडेरावांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र त्र्यंबकराव सेनापती झाले. गुजरात ही दाभाड्यांच्या पराक्रमाची व उत्पन्नाची भूमी. तेथील चौथाईविषयी पेशव्यांनी मोगल सुभेदाराशी परस्पर करार केला, तेव्हा त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले. सेनापती हे छत्रपती शाहू महाराजांचे सेवक होते, स्वतंत्र राजे नव्हेत, हा भेद आम्ही विसरत नाही. तरीही आपल्या हितासाठी आपण स्वतः मित्र निवडावा, हा त्यांचा विचार एखाद्या लहान राज्याचाच होता. परिणाम सर्वश्रुत आहे. निजामाची व त्यांची फौज एकत्र होण्यापूर्वीच बाजीरावांनी १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ त्यांना गाठले. त्र्यंबकराव रणात पडले. सेनापतिपद घराण्यात राहिले, परंतु गुजरातेतील सत्ता पुढे गायकवाडांच्या हाती गेली.

त्र्यंबकरावांपाशी शौर्य होते, द्रव्य होते आणि गाऱ्हाणेही अगदीच निराधार नव्हते. उणीव होती ती मित्राच्या निवडीत. निजामास दाभाड्यांचा उत्कर्ष नको होता. मराठ्यांतील भांडण तेवढे हवे होते. ज्याचा लाभ आपल्या भांडणात असतो, तो भांडण पेटेपर्यंतच आपला मित्र असतो.

ह्या कसोटीवर कतारकडे पाहावे. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी त्याच्याशी संबंध तोडले. कतारची एकमेव भूसीमा बंद झाली. 'अल जझीरा' वाहिनी बंद करा, तुर्की तळ हलवा, इराणशी जवळीक सोडा, अशा १३ मागण्या पुढे आल्या. कतार नमले नाही. तुर्कस्तान व इराणमधून अन्नधान्य आले, आणि नैसर्गिक वायूची गिऱ्हाइके तुटली नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समेट झाला. कतार तगले, कारण ते तगण्यात अनेकांचे हित होते. अमेरिका व तालिबान यांचा २०२० चा करारही दोह्यातच झाला. शत्रूंना एकत्र बसवणारे घर मोडणे कोणालाच परवडत नाही.

परंतु ह्या नीतीलाही मर्यादा आहे. कतारात अल उदैद येथे अमेरिकेचा मोठा हवाई तळ आहे. २३ जून २०२५ रोजी त्या तळापायीच इराणची क्षेपणास्त्रे कतारवर आली. आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्रायलने दोह्यावर हल्ला केला, तेव्हा तो तळ आड आला नाही. उसनी ढाल शत्रूस आकर्षून घेते, पण प्रत्येक घाव अडवतेच असे नाही.

हा केवळ परक्यांचा प्रश्न नव्हे. कतारात लाखो भारतीय पोटासाठी राबत आहेत, त्यांत मराठी माणसेही आहेत. १९९९ च्या कराराने तेथून वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायू आपणास मिळू लागला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हा पुरवठा २०२८ पासून आणखी २० वर्षे चालू ठेवण्याचे ठरले. त्याच महिन्यात, आधी मृत्युदंड झालेले आपले माजी नौसैनिक मुक्त झाले. २०१७ च्या तंट्यात भारताने कोणाचीच कड घेतली नाही, हे शहाणपणाचे झाले. तथापि तटस्थता म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. इंधनासाठी एकाच दारावर विसंबू नये, आणि संकटकाळी तेथील आपल्या श्रमिकांस सुखरूप आणण्याची सिद्धता शांततेच्या काळातच ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मित्र पारखण्याची वेळ रणांगणापूर्वीची असते. डभईने दाभाड्यांस हा धडा फार उशिरा दिला. राष्ट्रांनी तो वेळीच घ्यावा.