जागल करणाऱ्या कॅमेऱ्याला वेगळी तार



कणसे भरली की माळ्यावर जागल करायची, खळ्यावर रास पडली की तिच्या उशाशी निजायचे, ही आपली जुनी रीत. पण आता घरातली माणसे पांगली. थोरला शहरात नोकरीस, धाकटा कॉलेजात, आणि वस्तीवर राहतात ती म्हातारी माणसे व सुना. राखायची जिन्नस मात्र वाढली आहे. विहिरीवरची मोटार, तिची तांब्याची केबल, स्टार्टर, ठिबकचा फिल्टर, चाळीतला कांदा, गोठ्यातल्या शेळ्या, तोडणीला आलेले डाळिंब. म्हणून वस्त्यांवर कॅमेरे बसू लागले आहेत. ते योग्यच आहे. पण कॅमेरा कोणता घ्यावा याची चौकशी सगळे करतात. त्याची तार कोठे जोडावी हे मात्र कोणी विचारत नाही. आज तेवढ्याचसाठी हा लेख.

कॅमेरा म्हणजे छोटा संगणकच

बहुतेक ठिकाणी असे होते. तालुक्याहून कारागीर येतो, चार कॅमेरे ठोकतो, घरातल्या वाय-फायला जोडतो, मालकाच्या मोबाईलवर चित्र दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. पासवर्ड कारखान्यातून आलेला तसाच राहतो. चित्र दिसते म्हणून घरचे खूश असतात. पण ज्या वाटेने ते चित्र तुमच्यापर्यंत येते, त्याच वाटेने परका माणूसही आत येऊ शकतो.

ही नुसती भीती नव्हे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका दुष्ट प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याला कुलूप फोडावे लागले नाही. कारखान्यातून येणारे नेहमीचे साठेक पासवर्ड तो एकेक करून लावून पाहत असे, आणि दार उघडत असे. त्याच यंत्रांच्या जोरावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. आपल्या शेजारच्या गुजरातेतले उदाहरण तर अधिक जिव्हारी लागणारे आहे. राजकोटमधील एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतील स्त्री-रुग्णांची चित्रे बाहेर गेली आणि इंटरनेटवर विकली गेली, हे २०२५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. कॅमेरे लावले होते राखणीसाठीच.

तेव्हा विचार करा. चोराने मोटार नेली तर मोटार परत घेता येते. अंगणात वावरणाऱ्या लेकीसुनांचे चित्र बाहेर गेले तर ते कोणालाही परत आणता येत नाही.

वेगळे जाळे म्हणजे काय?

ठिबकमधून खत सोडताना आपण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो. का? मोटार बंद पडली तर खताचे पाणी उलटे विहिरीत जाऊ नये म्हणून. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. घरातल्या ज्या वाय-फायवर मुलांचा अभ्यास चालतो, बँकेचे व्यवहार होतात, त्याच्यात कॅमेऱ्याचे जाळे मिसळू देऊ नये. कॅमेऱ्यांची तार वेगळी, पेटी वेगळी, आणि ती पेटी शक्यतो इंटरनेटला जोडलेलीच नको.

हे जमवायला फार मोठी विद्या लागत नाही. बाजारात असा रेकॉर्डर मिळतो की ज्याच्या पाठीमागेच कॅमेरे जोडायच्या खाचा असतात. दुकानदार त्याला ‘पीओई एनव्हीआर’ म्हणतात. एकाच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि चित्रही परत येते. त्या खाचांत जोडलेल्या कॅमेऱ्यांचे जाळे रेकॉर्डरच्या आतल्या आत राहते. घरच्या राउटरशी त्यांचा थेट संबंध येत नाही. रेकॉर्डरला एक पडदा जोडा आणि माजघरात ठेवा. रात्री कुत्रे भुंकले तर उठून पडद्यावर पाहता येते. इंटरनेट बंद पडले तरी राखण चालू राहते, हा दुसरा फायदा.

मांडणी करताना

१. केबल शुद्ध तांब्याची आणि बाहेर टिकणारी घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांब अंतरावर वीज कमी पडते व रात्री कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो. अशा केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. विहीर त्याहून लांब असेल तर फायबरची तार टाकावी. तिला दोन्ही टोकांना लहान पेटी लागते आणि विहिरीकडच्या पेटीला व कॅमेऱ्याला तिकडेच वीज द्यावी लागते. फायबरमधून विजेचा धक्का पुढे जात नाही, म्हणून वळवाच्या दिवसांत तीच बरी.

२. केबल प्लॅस्टिकच्या नळीतून न्या. उंदीर आणि कुदळ हे दोन्ही तिचे वैरी. मोटारीच्या थ्री-फेज तारेच्या जोडीने ती नेऊ नका. फूटभर तरी अंतर ठेवा. रेकॉर्डरला चांगले अर्थिंग द्या.

३. कॅमेरा दहा-बारा फूट उंचीवर, थोडा खाली कललेला बसवा. फार उंच बसवला तर नुसत्या टोप्या दिसतात, चेहरा दिसत नाही. उगवती-मावळतीचे ऊन थेट काचेवर येऊ देऊ नका. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याला किडे येतात, किड्यांना खायला कोळी येतो आणि काचेवर जाळे धरतो. पंधरवड्याने एकदा मऊ फडक्याने पुसावे. फवारणी जवळपास असेल तर त्यानंतर लगेच पुसावे.

४. साठवणीचा हिशेब घरीच मांडता येतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटच्या वेगावर ठेवला तर दिवसाला सुमारे २२ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ८८ जीबी. म्हणजे एक टीबीची डिस्क अकरा दिवस पुरते, दोन टीबीची बावीस-तेवीस दिवस. बावीस दिवसांनी जुने पुसून नवे लिहिले जाते, हे ध्यानात असू द्या. डिस्क अहोरात्र चालणाऱ्या कामासाठी बनवलेली मागा.

५. वीज जाते तेव्हाच चोर येतो. चार कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून साधारण ५० ते ६० वॅट खातात. १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी असलेला इन्व्हर्टर केवळ एवढ्यासाठी ठेवला तर रात्र सहज निघते. पडदा मात्र गरज नसता बंद ठेवा.

६. रेकॉर्डर कुलूपबंद कपाटात, हवा खेळेल असा ठेवा. चोराने पेटीच उचलून नेली तर सगळी राखण त्याच्या पोत्यात गेली.

मुलाला पुण्याहून पाहायचे असेल तर

ही अडचण खरी आहे. म्हातारे आई-वडील वस्तीवर एकटे, आणि मुलाचा जीव तिकडे लागत नाही. अशा वेळी कॅमेरे जोडू नका, फक्त रेकॉर्डर जोडा, आणि तोही वेगळे सिम असलेल्या लहान राउटरला. पासवर्ड स्वतः बदला, लांब ठेवा, गावाचे नाव, जन्मसाल, मोबाईल नंबर नको. तो कारागिरालाही ठाऊक नसावा. ‘पोर्ट उघडून देतो’ असे कोणी म्हणाले तर नको म्हणा, आणि ‘यूपीएनपी’ नावाची सोय बंद करून घ्या. कंपनीकडून सुधारणा आली की ती चढवून घ्या. मोबाईलवर पाहण्याची जोडणी कंपनीच्या संगणकामार्फत होते, म्हणून घराच्या आतला कॅमेरा या वाटेवर कधीच ठेवू नये. नवी खरेदी करताना सरकारी सुरक्षा-तपासणी झालेला माल मागा. केंद्र सरकारने कॅमेऱ्यांसाठी ही तपासणी एप्रिल २०२५ पासून लागू केली आहे.

तोंड कोणीकडे?

कॅमेऱ्याने माल राखावा, माणसे राखू नयेत. फाटक, गोठा, कांदाचाळ, मोटारघर एवढे पुरे. न्हाणी, परसदार, ओसरीवरची निजायची जागा, कामाला आलेल्या बाया भाकरी खायला बसतात ते झाड, यांच्याकडे तोंड नको. कॅमेरा ठोकण्यापूर्वी पडद्यावर चित्र लावा आणि घरातल्या बायकांना बोलावून दाखवा. त्या नको म्हणतील तो कोपरा सोडा. हा निर्णय एकट्या कारभाऱ्याचा नव्हे. शेजाऱ्याच्या दारावर रोख धराल तर बांधाच्या भांडणात आणखी एका भांडणाची भर पडेल.

चोरी झालीच तर

बंद जाळ्याला एक उणीव आहे. इंटरनेट नसल्याने रेकॉर्डरचे घड्याळ हळूहळू मागेपुढे होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मोबाईलशी पडताळून लावा. चित्रावरची वेळ चुकली तर पुरावा लंगडा पडतो. चोरी कळताच डिस्क पुसली जाण्याआधी त्या वेळेचे चित्र पेनड्राइव्हवर उतरवा, आणि मूळ रेकॉर्डरमधले तसेच राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. फिर्याद देतानाच पोलीस ठाण्यात त्याची विचारणा करा. ते चित्र गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर मात्र टाकू नका. अंधुक चेहऱ्यावरून निरपराध माणसाला मार बसायला वेळ लागत नाही.

कारागिराला विचारायचे पाच प्रश्न

कॅमेरे रेकॉर्डरलाच जोडणार ना, वाय-फायला नाही ना? केबल शुद्ध तांब्याची आहे का? पासवर्ड माझ्यासमोर बदलून मलाच टाकू देणार का? वीज गेल्यावर किती तास चालेल? चित्र किती दिवस राहील? या पाचांची उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.

ज्यांच्याकडे आधीच कॅमेरे आहेत, त्यांनी या आठवड्यात निदान एक काम करावे. पासवर्ड बदलावा, आणि घराच्या आत रोखलेला कॅमेरा असेल तर त्याची तार आजच काढावी. बाकीची वेगळी मांडणी सुगीचे पैसे हाती आल्यावर करता येईल. घराची अब्रू मात्र सुगीची वाट पाहत नाही.

पुढील आठवड्यात : कांदाचाळीत हवा खेळती कशी ठेवावी.