तीन पाने शेजारी ठेवून

पेण म्हटले की गणपती आठवतात, रोहा म्हटले की कुंडलिका. मॅगसेसे पुरस्कार मात्र सहसा कोणाला आठवत नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांना तो १९५८ साली मिळाला, रोह्यात बालपण गेलेल्या चिंतामणराव देशमुखांना १९५९ मध्ये आणि रोह्यातच जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांना १९९६ मध्ये.

एवढे दाराशी असताना चौथीतल्या मुलाला ‘नेता म्हणजे कोण?’ असे विचारून पाहा. ‘ज्याचा बॅनर लागतो तो,’ असे उत्तर आले तर दोष त्याचा नाही. थोरांचे धडे आपण सुटे सुटे शिकवतो, प्रत्येकाखाली ‘काय बोध मिळतो?’ असे विचारतो, आणि बोध गाइडात छापलेला असतोच!

माझे म्हणणे असे की, तिघांची तीन पाने एकाच आठवड्यात वाचायला द्यावीत आणि प्रश्न शेवटी एकच विचारावा. विनोबा १९५१ पासून वर्षानुवर्षे गावोगाव चालले, जमीनवाल्यांकडे सहावा हिस्सा मागत. देशमुख कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. आठवल्यांच्या स्वाध्यायी कोळ्यांनी सामाईक ‘मत्स्यगंधा’ होड्या चालवल्या; पाळीपाळीने जायचे, मिळकत गरजूंना. मग या तिघांत सारखे काय?

इथे नऊ वर्षांचे पोर अडखळते. अडखळू द्यावे. ‘नेता स्वतःसाठी ठेवत नाही,’ असे काहीसे ते लिहील. हे वाक्य तिन्ही पानांवर कुठेच नसते, म्हणून मला ते मोलाचे वाटते. एखादी मुलगी विचारील, भूदानातली सगळी जमीन गरिबांना मिळाली का? नाही मिळाली; बरीचशी नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. हेही सांगावे. थोरांवर शंका घेतल्याने मुले बिघडत नाहीत.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ असे शिक्षक विचारतील. रास्त आहे. पण तीन धड्यांचे तीन बोध घोकून घेण्यातही तास जातातच.

यानंतर चौथे पान द्यावे. २१ सप्टेंबर २००८. महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांतल्या शेतकऱ्यांनी मतदान केले. या पानावर ठळक नाव एकाचेही नाही. आता मुलांना आधीचे वाक्य पुन्हा लिहावे लागेल. हे पान पुस्तकात सापडणार नाही, ते शिक्षकांनीच हाताने लिहावे. अडले तर मुलांना घरी विचारून यायला सांगावे. त्या रांगेत उभे राहिलेले कोणाचे तरी आजोबा पेणच्या वर्गात निघतातच.