रॅम्प घ्यायचाय? आधी त्याच्या पायथ्याशी उभे राहा

डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतं जावावर, असे लोक नवी मुंबईत पैशाला पासरी. त्यातलाच मी एक. त्यामुळे कोणी यंत्राबिंत्राबद्दल विचारलं की उगाच छाती फुगते :) परवा एका मित्राच्या काकांनी विचारलं. रबाळे एमआयडीसीत त्यांचं भाड्याचं गोडाऊन आहे, न्हावा शेव्याहून कंटेनर येतात. "तू इंजिनियर ना रे? मग सांग, लोखंडी रॅम्प घ्यायचाय. सहा टनी घेऊ की दहा टनी?"

हा प्रकार ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंटेनरचा तळ जमिनीपासून साधारण दीड मीटर वर असतो. रेल्वेच्या मालधक्क्यासारखा उंच ओटा गोडाऊनला असेल तर प्रश्नच नाही, गाडी मागे लावली की झालं. पण आपल्याकडचे बरेच गाळे जमिनीलगत आहेत आणि भाड्याच्या जागेत धक्का बांधायला मालक देत नाही. मग चाकं लावलेला एक लांबलचक लोखंडी उतार आणायचा, त्याचं एक टोक कंटेनरच्या दारात टेकवायचं आणि दुसरं जमिनीवर. फोर्कलिफ्ट त्यावरून थेट आत जाते. जागा बदलली तर रॅम्पही सोबत येतो. कल्पना झकास आहे, वाद नाही.

टनांचं उत्तर सोपं आहे. अडीच टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन साडेतीन-चार टन असतं. दोन्ही मिळून सहा-साडेसहा. आणि माल उचलल्यावर त्यातला बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो. म्हणजे "आमचा माल अडीच टन, मग पाच टनी रॅम्प भरपूर झाला" हा हिशोब चुकीचा. काकांसाठी सहा टनी बाद, दहा टनी ठीक. संपला विषय.

पण माझ्या मते पहिला प्रश्न टनांचा नाहीच. त्या रॅम्पवर चढणार कोण, हा आहे. काकांकडे फोर्कलिफ्ट नाही! "पुढे बघू, सध्या हँड पॅलेट ट्रकने काढू" असं ते म्हणाले. विकणाऱ्यानेही म्हणे सांगितलं, दोन्ही चालतं. इथे मात्र मी अडून बसलो.

आता शाळेतलं गणित करा. दीड मीटर उंची, नऊ मीटर उतार. म्हणजे साधारण १६-१७ टक्के चढ. आपल्या घाटरस्त्यांनाही सहसा एवढा चढ नसतो. हाताने ओढायच्या ट्रॉलीवर १,००० किलोचं पॅलेट ठेवलं, तर ते या उतारावर नुसतं धरून ठेवायला दीडशे किलोहून जास्त जोर लागतो. ओढायला नव्हे, धरायला. या ट्रॉल्यांना सहसा ब्रेक नसतो. आणि उतरताना पोरं नेमकी खालच्या बाजूला उभी राहून पाठीने रेटा देतात, कारण वरून ओढून धरण्यापेक्षा ते सोपं वाटतं. त्यातून जुलै महिना, लोखंड ओलं, पायात स्लिपर. पुढचं मी लिहीत नाही.

म्हणून माझं मत: फोर्कलिफ्ट नसेल, तर रॅम्प घेऊच नका. त्या पैशांत माल सरळ खालीवर करणारी हायड्रॉलिक लिफ्ट बघा. तिच्यावर उतारच नाही, त्यामुळे घसरण्याचा प्रश्न नाही. काम सावकाश होतं हे कबूल. होऊ दे.

तुम्ही म्हणाल, हमाल वर्षानुवर्षं फळी टाकून पोती उतरवतातच की! उतरवतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार वाशीला आले ते या लोकांच्या डोक्यावरूनच आले म्हणायला हरकत नाही. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि मंडळात नोंद, ठरलेली मजुरी, फंड हे हक्क मिळाले. पण फळीवरच्या माणसाच्या पाठीवर एक पोतं असतं, जीवावर आलं तर तो ते फेकून बाजूला होतो. हजार किलोचं पॅलेट फेकता येत नाही. आणि हो, यंत्र आणताना टोळीच्या मुकादमाला विचारायची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाही. कोटेशन एसी केबिनमध्ये फायनल होतं. गाडी कुठून वळते, पाणी कुठे साचतं हे मुकादमाला पाठ असतं, पण तो बाहेर बिडी ओढत उभा.

फोर्कलिफ्ट असेल तर मात्र खुशाल घ्या. तरी आधी टेप घेऊन यार्ड मोजा. उतार नऊ मीटर, वरचा सपाट भाग दोन, चाळीस फुटी ट्रेलर ट्रॅक्टरसकट साधारण सोळा, आणि पायथ्याशी फोर्कलिफ्ट वळायला चार-पाच. झाले तीस मीटरच्या वर, तेही एका सरळ रेषेत. रबाळे-महापेच्या किती प्लॉटमध्ये एवढी जागा आहे? मग रॅम्प जातो रस्त्यावर आणि आपण ऑफिसच्या बसमध्ये बसून हॉर्न ऐकतो. जागा वाचवायला आखूड रॅम्प घेतला तर चढ वाढतो, फोर्कलिफ्टचं पोट वरच्या काठाला घासतं.

उघड्या ट्रकचाच माल येत असेल तर बाजूचा फाळका पाडून फोर्कलिफ्ट जमिनीवरूनच पॅलेट उचलते, रॅम्पची गरजच नाही. शिवाय लाकडी तळाच्या जुन्या ट्रकमध्ये फोर्कलिफ्ट चढवणं हा वेगळाच जुगार.

पृष्ठभाग चेकर्ड प्लेटचा नको, दातेरी जाळीचा हवा. पाणी खाली पडतं, चाक पकडतं. खाडीची हवा आहे, तेव्हा गॅल्वनाइज केलेलाच घ्या, नुसता पिवळा रंग फसवा असतो.

आणि साखळ्या. फोर्कलिफ्ट आत जाऊन ब्रेक मारते तेव्हा दरवेळी ट्रेलर थोडा पुढे ढकलला जातो. चार-पाच फेऱ्यांत रॅम्पचं टोक काठावर येऊ शकतं. रॅम्पसोबत आलेल्या साखळ्या बऱ्याच ठिकाणी गुंडाळून कोपऱ्यात पडलेल्या असतात, "वेळ जातो" म्हणून. साखळ्या लावा, चाकांना ओंडके लावा, आणि शेवटचं पॅलेट उतरेपर्यंत ट्रेलरची किल्ली ड्रायव्हरकडे ठेवू नका, फोर्कलिफ्टवाल्याच्या खिशात ठेवा. ड्रायव्हर कुरकुर करेल, त्याला चहा पाजा.