वैशाखातील शाल

बाहेर वैशाख वणव्यासारखा पेटलेला आणि आत संगणकासमोर भगिनी शाल पांघरून बसलेल्या, हे दृश्य मुंबई-पुण्यातील वातानुकूलित कार्यालयांत आता कोणाला नवलाचे वाटत नाही. ज्या गारव्यासाठी व्यवस्थापन विजेचे भरमसाट देयक भरते, त्याच गारव्यापासून बचाव करण्यासाठी कर्मचाऱ्याने घरून ऊबदार वस्त्र आणावे, याला सोय म्हणावे की सक्ती?

या विसंगतीचे मूळ मोजपट्टीत आहे. कार्यालयात किती तापमान सुखावह, हे ठरविण्याचे जगभर रूढ झालेले गणित १९६० च्या दशकातील. शरीर किती उष्णता निर्माण करते, याचा अंदाज त्यात चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावरून बांधलेला. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, हे गणित स्त्रियांच्या शरीरातील उष्णतानिर्मिती ३५ टक्क्यांपर्यंत अधिक धरते. म्हणजे शाल पांघरणारी भगिनी नाजूक नाही. चूक गणिताची आहे.

हवामानाचेही तेच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला येथील कार्यालयांची पाहणी केली. मोकळ्या हवेच्या इमारतींत काम करणारी आपली माणसे परदेशी मानके गृहीत धरतात त्यापेक्षा अधिक उष्म्याशी जुळवून घेतात, असे तीत आढळले. तरीही आपण काचेच्या बंद पेट्या उभारीत सुटलो आहोत. काचेतून ऊन आत येते, उष्णता कोंडते. मग पडदे ओढायचे, भर दुपारी दिवे लावायचे आणि यंत्राचा जोर वाढवायचा! त्यात साधे स्प्लिट यंत्र खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवते; ताजी हवा आणीत नाही. दाटीने बसलेल्या माणसांच्या उच्छ्वासाने कोंदटलेल्या हवेत डोके जड होणे, डोळे कोरडे पडणे आणि एकाची सर्दी दहा जणांना होणे यात आश्चर्य ते काय? बंद खोलीतील हवेचा धडा तर कोरोनाने २०२० मध्ये साऱ्या जगाला दिला.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये २४ ते २६ अंशांची शिफारस केली. तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असेही सांगितले. पण कळ ज्याच्या हाती, त्याला पटेल तोच ऋतू!

यंत्रे फेकून द्या, असे कोणी म्हणणार नाही. विदर्भातील मे महिन्यात गारवा ही चैन नव्हे, गरज आहे. प्रश्न तारतम्याचा आहे. उघडता येतील अशा खिडक्या, उन्हाला अडविणारे छज्जे, यंत्राच्या जोडीला पंखा आणि २५ अंशांच्या आसपासचे तापमान, यांतले काहीच अशक्य नाही. सर्वांत सोपा उपाय तर बिनखर्चाचा आहे: ज्याला तेथे आठ तास बसायचे आहे, त्याला एकदा विचारावे.